दीड आटा

आमच्या जळकोटात कुठलीही नवी गाडी आली की पहिला प्रश्न एकच. रंग कुणी बघत नाही, दारं कुणी मोजत नाही. "ॲव्हरेज किती देती?" उद्या हायवेवर विमान उतरलं तरी आमची माणसं पायलटला हेच विचारतील. मीही या सवयीला पोट धरून हसायचो. आता हसू येत नाही. या एका प्रश्नापायी माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव मातीत गेलं, आणि त्यात सगळ्यात मोठा हात माझ्या तोंडाचा होता. मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. हायवेला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक माल बघून येतं आणि माझं तोंड बघून जातं, असं बायको म्हणते.

गाडी मी हैदराबादेहून आणली. वापरलेली, जपानी बनावटीची, लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालायची. बेचाळिसाव्या वर्षी हे खूळ कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटले. हौस होती, एवढंच उत्तर माझ्याकडं होतं. पण गाडी दिसायला जेवढी तिखट तेवढी पळायला नव्हती. नळदुर्गच्या चढाला एखादी साधी जीप मागून यायची, हॉर्न वाजवायची आणि पुढं निघून जायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग तिला सुपरचार्जर बसवायचं मी डोक्यात घेतलं.

हे काम करू शकणारा माणूस आमच्या घरातच होता. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी. सास्तूरला त्यांचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक सगळं मोटारसायकलींचं आणि ट्रॅक्टरचं, पण लग्नाआधी आठ वर्षं ते पुण्यात शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका वर्कशॉपात होते. वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी आले ते इथंच राहिले. मनातून मात्र त्यांना गाड्यांचंच काम करायचं होतं. जळकोटात हायवेला लागून एक गाळाही त्यांनी हेरून ठेवला होता. पण लोक म्हणायचे, प्लग पुसणाऱ्या माणसाच्या हातात लाखाची गाडी कोण देणार? माझी गाडी नीट झाली असती तर ती उभी करून दाखवता आली असती. माझी हौस होती, त्यांचा सगळा पुढचा जन्म होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"इंजिन आपलं आपण श्वास घेतं, पाव्हणं," त्यांनी मला समजावून सांगितलं. "ह्यो डबा पट्ट्यावर फिरतो आन् त्याच्या तोंडात हवा कोंबतो. हवा वाढली की ताकद वाढली. पर पेट्रोल बी त्याच मापात वाढलं पायजे. हवा जास्त आन् पेट्रोल कमी पडलं, की आत भट्टी पेटती. पिस्टन वितळतो. बाहेरनं काय सुदिक दिसत न्हाय."

आठ दिवस गाडी सास्तूरला होती. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा आण्णांना घेऊन. आण्णा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं लाल बस चालवलेला माणूस. डेपोत डिझेल वाचवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. उताराला गाडी कशी सोडायची, गियर कधी टाकायचा, पाय किती हलका ठेवायचा, हे शिकायला नवे ड्रायव्हर त्यांच्या शेजारी येऊन बसायचे. आपल्या हातून एकही इंजिन जाम होऊन बसलं नाही, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. आजही.

दाजी काम करताना आण्णा हात मागं बांधून उभे राहायचे. तो ॲल्युमिनियमचा डबा, तो रुंद काळा पट्टा, सगळं निरखून बघायचे. इंजिनाच्या वरच्या अंगाला एक पितळी स्क्रू होता, त्याला आवळून धरणारा एक नट. "ह्ये कशाचं?" आण्णांनी विचारलं. "पेट्रोलचा दाब, मामा," दाजी म्हणाले. "आवळला की पेट्रोल जास्त, ढिला केला की कमी." आण्णांनी मान डोलावली. दाजींनी माझ्या बहिणीची नेलपॉलिश आणून नटावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून एक बारीक लाल रेघ ओढली. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून.

गाडी ताब्यात देताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "पाव्हणं, घरी सगळ्यांना सांगून ठेवा. बॉनेट उघडलं तर उघडलं, पर त्या स्क्रूला कुणी बोट लावायचं न्हाय." मी म्हणालो, "आमच्या घरी कोण लावतंय?" आणि गाडीत बसलो. घरी मी कुणालाच काही सांगितलं नाही. विसरलो असंही नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

पहिले पंधरा दिवस मी हवेत होतो. पाय दाबला की पुढून एक बारीक किंचाळी निघायची आणि पाठ सीटला चिकटायची. नळदुर्गच्या चढावरच्या सगळ्या जीपांचा मी हिशेब चुकता केला. दुकानासमोर गाडी उभी केली की माणसं गोळा व्हायची. मी सांगायचो, "आमच्या दाजींनी केलंय, सास्तूरच्या." त्या गाळ्याचा मालकसुद्धा एकदा येऊन चाकाला हात लावून गेला.

आणि मग तो प्रश्न आला. तो आण्णांनीच विचारला, जेवताना. "ॲव्हरेज किती देती?"

"लिटरला आठ," मी म्हणालो. खरं तर सातच देत होती.

आण्णांचा हात भाकरीवर थांबला.  पुढचे दोन दिवस त्यांचं कशात लक्ष नव्हतं. ओट्यावर बसून गाडीकडं बघत राहायचे. आई म्हणाली, "काय होतंय तुम्हाला?" तर म्हणाले, "मला काय होतंय? गाडी आजारी हाय." मी हसलो. म्हातारा माणूस, म्हटलं, बोलतोय.

त्याच आठवड्यात आवाज सुरू झाला. आधी फक्त चढाला, तापल्या तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा, बारीक, तडतड. पाय उचलला की बंद. मी काच खाली करून ऐकायचो. आण्णांना शेजारी बसवून ऐकवलं, तर ते म्हणाले, "कुठं काय वाजतंय? गाडी तर आता कशी हलकी चालायला लागली!" बत्तीस वर्षं डिझेल इंजिनाला मांडी लावून बसलेला माणूस, बारीक आवाज त्यांच्या कानाला कधीचेच येत नाहीत. ते मात्र खुशीत होते. त्यांची खुशी बघून मला जरा धीर आला, आणि माझी चूक तिथंच झाली.

मी दाजींना फोन लावला. तडतडीचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "गाडी जाग्यावर सोडा. चावी काढून ठेवा. म्या उद्या दुपारपतूर येतो. तवर एक किलोमीटर बी चालवू नका." त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

पण दुसऱ्याच दिवशी उमरग्याला आण्णांच्या वेळच्या रिटायर ड्रायव्हर लोकांचा मेळावा होता. आण्णांनी पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता. या गाडीतून उतरायचं आणि सगळ्यांनी बघायचं, हे त्यांच्या मनात महिनाभर घोळत होतं. त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून नेणं माझ्या जिवावर आलं. हळू नेतो, म्हटलं. तीस-पस्तीस किलोमीटरचा तर रस्ता. दाजींना फोन केला नाही, कारण ते नको म्हणाले असते.

निघालो तेव्हा अकरा वाजले होते. ऊन स्वच्छ होतं, हायवेवर उसाचे ट्रॅक्टर चालले होते. मी हळूच चालवत होतो, देवाशपथ. पण दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर पुढं आला, अर्धा रस्ता अडवून. त्याला ओलांडायला मी उजव्या अंगाला आलो, डिव्हायडरला लागून, आणि पाय दाबला. किंचाळी निघाली. तिच्या खालून तडतड आली, या वेळी लाह्यांसारखी नव्हे, कुणी पत्र्यावर खिळे ओतावेत तशी. मग एक दणका बसला आणि गाडीतला जीवच गेला. पाय तळापर्यंत दाबलेला आणि गाडी मंदावत चाललेली. मागं निळा धूर, इतका की आरशात काही दिसेना. त्या धुरातून टँकरचा हॉर्न ऐकू आला. थांबेना, वाढतच चालला.

डावीकडं ट्रॉल्यांची चाकं आण्णांच्या काचेच्या उंचीला फिरत होती. उजवीकडं डिव्हायडर. जायला कुठंच जागा नव्हती. आण्णांनी माझ्या मांडीवर हात ठेवला होता आणि ते पुढं बघत होते. टँकरवाल्यानं ब्रेक कसा दाबला देव जाणे, त्याचं बंपर आमच्या डिकीला टेकलं आणि तसाच ढकलत तो आम्हाला काही अंतर घेऊन गेला. आण्णांचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. गाडी थांबली तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर रक्त होतं. भुवईवर चार टाके, बाकी काही नाही. पण त्या क्षणी मला ते माहीत नव्हतं. मला फक्त रक्त दिसत होतं.

मी आण्णांना उमरग्याला दवाखान्यात सोडलं, भावाला बोलावलं, आणि गाडी टेम्पोमागं बांधून थेट सास्तूरला नेली. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच होतं, दाजींचं काम.

भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या सास्तूरच्या रुंद सरळ रस्त्यांवर आवाज लांबवर जातो. दाजी गॅरेजातून धावत आले; ते जळकोटला निघायच्या आधीच भावाचा फोन पोहोचला होता. "मामा कसे हायत?" एवढंच त्यांनी विचारलं. आणि माझं तोंड सुटलं. बहिणीच्या नवऱ्याला आमच्यात कुणी एकेरीत बोलत नाही, भांडणात सुद्धा नाही. मी बोललो. "तुला काय कळतंय रे गाडीतलं? प्लग पुसायची लायकी तुझी! माझ्या बापाला मारायला बसवलं होतंस का त्यात?" आणखीही बोललो. त्यांच्या आजारपणात गेलेल्या बापावरून बोललो. ते इथं लिहिण्याची माझी हिंमत नाही. पंचवीस-तीस माणसं जमली होती. बहीण उंबऱ्यात उभी होती, पीठ लागलेले हात तसेच पुढं धरून.

दाजींनी मला अडवलं नाही. त्यांनी बॉनेट उघडलं. बराच वेळ आत वाकून बघत राहिले. एकदा हात आत घालून काहीतरी चाचपलं. मग बॉनेट खाली घेतलं, फडक्यानं हात पुसले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "चूक माझी हाय. सेटिंग चुकलं माझ्याकडनं."

मला वाटलं, बघा, कबूल केलं. मी आणखी दोन शब्द ऐकवून निघालो.

ही बातमी जळकोटला माझ्या आधी पोहोचली. गाळा दुसऱ्याला गेला. सास्तूरच्या गॅरेजात मोटारसायकली येत राहिल्या, पण ट्रॅक्टरवाले हळूहळू लोहाऱ्याला जायला लागले. सासऱ्याचा जीव घेत होता, असं लोक म्हणायचे. पुण्याहून आणलेली हत्यारं दाजींनी पेटीत घालून माळ्यावर टाकली, असं कळलं. बहिणीनं फोन करणं बंद केलं. पंचमीला ती माहेरी आली नाही, लग्नानंतर पहिल्यांदाच. आई झोक्याची दोरी सोडून घेताना रडली. मला वाईट वाटलं, पण मी म्हणालो, ज्याची चूक त्यानं यावं.

मोडकी गाडी परसात ताडपत्रीखाली होती. पंचमीनंतर आठवड्याभरानं आण्णांचे एक जुने सोबती घरी आले. त्यांना चहा देत मी तिथंच उभा होतो. बोलता बोलता त्यांनी विचारलंच, "ती लाल गाडी ॲव्हरेज किती देत हुती वं?"

"सात-आठ," आण्णा म्हणाले. "पर म्या वाढवलं असतं बघा. पेट्रोलचा एक स्क्रू असतो. दीड आटा ढिला केला हुता म्या, आन् नट परत आवळून टाकला. लगेच हलकी चालायला लागली. बारापतूर नेलं असतं. पर जावयानं आधीच कायतर घोळ घालून ठेवलेला. माझी मेहनत वाया गेली."

 मी कपबशी खाली ठेवली, परसात गेलो, ताडपत्री ओढली आणि बॉनेट उघडलं. नटावरची लाल रेघ एका बाजूला होती आणि पत्र्यावरची दुसऱ्या बाजूला. मध्ये बोटभर अंतर. आंधळ्याला दिसलं असतं. नटाच्या कोपऱ्यांवर पान्याचा एक ओरखडा नव्हता. असं सफाईदार काम करणारा हात आमच्या घरात एकच होता.

मी तसाच मोटारसायकल काढून सास्तूरला गेलो. दाजी एका टायरचं पंक्चर काढत होते. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी काम थांबवलं नाही. मी म्हणालो, "दाजी, आण्णांनी स्क्रू फिरवला होता."

"म्हायती हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. बॉनेट उघडल्याबरोबर."

 मी तिथल्या स्टुलावर बसलो. "मग बोलला का नाही तुम्ही? तुमचं सगळं गेलं की ओ!" माझा आवाज रडका झाला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दाजींनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं. "तुमी मला काय काय बोललात, ते म्या ऐकलं हुतं, पाव्हणं," ते म्हणाले. "त्याच तोंडानं तुमी दवाखान्यात जाऊन मामांना बोलला असता. मला सोसलं. त्यांना न्हाय सोसलं असतं."

बहीण आत होती. तिनं पाणीसुद्धा आणलं नाही. मी सगळ्या गावाला खरं सांगतो म्हणालो, तर दाजींनी मान हलवली. "आता शहात्तर वर्सांचे हायत ते. बत्तीस वर्सं एक इंजिन बसू दिलं न्हाय त्या मानसानं. आता सांगून काय करणार? न्हाय सांगायचं. मला शबूद द्या." मी दिला. दाजी म्हणाले म्हणून गप्प बसलो, असं म्हणायला मी मोकळा आहे. पण खरं सांगायचं तर, त्यांनी तोंड बंद करायला सांगितलं तेव्हा मला आतून सुटल्यासारखंही वाटलं. कारण खरं सांगायचं म्हणजे आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती. घरी सांगून ठेवा, असं मला बजावलेलं होतं.

घरी आलो तेव्हा आण्णा ओट्यावर बसले होते. भुवईवरचा टाक्यांचा वण उन्हात पांढरा दिसत होता.

"सास्तूरला जाऊन आलास?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"जावई काय म्हणाला? मानतो का आपली चूक?"

मी चपला काढल्या. एक नीट ठेवली, मग दुसरी. "मानतात," मी म्हणालो.

"मानतो म्हंजी मानूस चांगला हाय," आण्णा म्हणाले. "पर त्याला सांग, म्हणावं, पुन्हा कुणाच्या गाडीला हात लावू नको. एखाद्याचा जीव जाईल."

मी बरं म्हणालो.